पिशवी क्रमांक ४१-ब

रबाळे एमआयडीसीत, बाटल्यांच्या कारखान्यामागे आमची शेड.
दारावर नाव नाही, नुसता प्लॉट नंबर.
कुरियरवाला पिशव्या आपटतो, विचारतो,
"एवढं काय असतं हो यात?"
डोंगर, मी म्हणतो. सही करतो.

मांजरपाटाच्या पिशव्या, सुतळीनं आवळलेल्या,
आणि प्रत्येकीत एक चिठ्ठी,
विशाखा सोनकांबळेच्या डावीकडे कललेल्या अक्षरात:
उंची चार हजार दोनशे. पेग्मटाइटची शीर, रुंदी नऊ पावलं.
फेल्डस्पार गुलाबी, टूर्मलीन काळा,
अभ्रक तळहाताएवढं.
४१-ब च्या मागच्या बाजूला पेन्सिलनं:
"टेप दरीत पडली. इथून पुढची मापं पावलांनी.
पावलं लोबसांगची. तो माझ्याहून उंच आहे,
हिशेबात धरा."

लोबसांगला मी पाहिलेलं नाही.
त्या डोंगरालाही.

जेवणाच्या सुट्टीत मी शेडमध्ये नऊ पावलं चाललो.
करवतीपासून मोरीपर्यंत आठच झाली,
नववं बाहेर, नळाखालच्या शेवाळावर.
मग उंच माणसासारखी ढांग टाकून पुन्हा.
या वेळी शीर फाटकाबाहेर गेली,
चहाच्या टपरीपाशी जाऊन थांबली.
कटिंग पिणारा वेल्डर बघतच राहिला.

माझा बापूस तुर्भ्याच्या खाणीत खडी फोडायचा.
सुरुंगाची शिट्टी झाली की आम्ही पोरं कान दाबायचो,
आणि डोंगराचा एक सेक्टर व्हायचा.
मी त्याचाच मुलगा,
पण माझं काम दगड फोडायचं नाही.
मी तो पातळ करतो.
हिऱ्याच्या पात्यानं चकती, काचेला चिकटवायची,
मग पूड, पाणी, बोटांचा गोल गोल दाब,
तीस मायक्रॉनपर्यंत,
जोवर दगडातून खिडकी दिसत नाही.

एकदा तो डबा द्यायला आला होता.
मी म्हटलं, बघा, डोळा लावा.
भिंगाखाली अभ्रक पेटलेलं: हिरवं, जांभळं,
मध्येच गुलाबी, चकती फिरवली की विझणारं.
"यो दगर नाय रं," तो म्हणाला.
मग मी त्याच्या खाणीतला तुकडा लावला, काळा पाषाण,
आत करड्या काड्यांची गर्दी.
तो बराच वेळ वाकून राहिला.
"याची किंमत?"
खडीची, मी म्हटलं.
त्यानं चष्मा पुसला. डबा उघडून दिला.

४१-ब ची वही मी ब्लेडनं उघडली.
पान, पानाखाली पान, त्याखाली पान,
कशावरच काही लिहिलेलं नाही.
सातव्या पानावर गंजाचा डाग, चहाच्या पेल्यासारखा,
तिथून आत आरपार भेगा.
अहवालात लिहिलं: पत्रे अखंड निघत नाहीत. प्रत कमी.
रुंदीच्या रकान्यात: नऊ पावलं.

कुट्टीसाहेबांनी लाल रेघ मारली.
"मीटरमध्ये लिहा."
मी विशाखाला फोन लावला, सहा दिवस लावला.
ती बाई फोनमध्ये सांगत राहिली
की ज्यांना आपण शोधतो आहोत, ते क्षेत्राबाहेर आहेत.
शेवटी लिहिलं, अंदाजे साडेसात.
अंदाजे हा शब्द जरा ठळक काढला.

सातव्या दिवशी तिचा मेसेज:
"लोबसांगचं पाऊल मोजायचं राहून गेलं. तो मेंढ्या घेऊन
खाली उतरला, वाट बंद व्हायच्या आत.
नमुने पुरे का?"
पुरे, मी लिहिलं. खोडलं.
मग पुन्हा तेच लिहिलं.

घणसोलीच्या बसला अजून वेळ होता,
म्हणून चालत निघालो. मनगटावर, केसांत, बाहीच्या घडीत
चकाकणारे कण. धुतले तरी जात नाहीत.
बायको विचारणार, आज कुणाच्या हळदीत नाचून आलात?
उजवीकडे कापलेला डोंगर, त्याच्या पायाशी
लायटी लागलेली बिल्डिंग.
मी लांब ढांगा टाकत होतो,
आणि कितवं पाऊल ते
सिग्नलपाशी चुकलं.